उपग्रहाला डास दिसत नाहीत
‘लाल ठिपक्यांच्या इमारतींत डेंग्यूचे डास, उपग्रहाने टिपले’ असा नकाशा आमच्या परळच्या चाळीच्या ग्रुपवर फिरतोय. तसं काही नसतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपकाही (पिक्सेल) जमिनीवरच्या १० मीटर लांब-रुंद तुकड्याएवढा. त्यात डास कुठून दिसणार? वेगवेगळे उपग्रह जमिनीचं तापमान, हिरवळ, साचलेलं पाणी टिपतात. त्याला पाऊस आणि रुग्णांचे आकडे जोडून परिसराच्या धोक्याचा अंदाज बांधतात. तो उपयोगाचा आहेच, पण एखाद्या इमारतीवर बोट ठेवत नाही. शिवाय डेंग्यूचा एडिस डास वाढतो फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत, छपरावरच्या ताडपत्रीच्या घडीत. मलेरियाचा शहरी ॲनाफिलीस डास गच्चीवरच्या उघड्या टाकीत. (आमच्या टाकीचं झाकण जूनपासून सुतळीने बांधलंय, त्याचा फोटो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.)