ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला बूच मारू नका

थंडी पडली की एक फॉरवर्ड दरवर्षी नव्याने उगवतो. "मेकॅनिकचे पैसे वाचवा! गीझर आणि पाण्याच्या मोटरच्या तक्रारी घरीच मिटवा." यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक सासुरवाडीचा. माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं दुकान आहे, तेव्हा 'हा बोलणारच, याचा धंदा बुडतो ना' असं कुणी म्हणेल. खरं तर उलट आहे. यातले दोन उपाय लोकांनी मनापासून केले, तर माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरणार नाही.

या फॉरवर्डची खोड एकच आहे. घरातली जी वस्तू ओरडून बिघाड सांगते, तिचंच तोंड दाबायला तो सांगतो. मुद्द्यांचा क्रम त्याचाच ठेवतो.

"गीझर २४ तास चालू ठेवा. सारखा चालू-बंद केला की जास्त वीज खातो."

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॅटचा गीझर ते काम अठरा-वीस मिनिटांत उरकतो. दिवसभर चालू ठेवला तर त्याशिवाय टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेची भरपाई करत बसतो, एवढाच फरक. स्टार लेबलवर २४ तासांचा जो युनिटचा आकडा असतो, तो याच गळतीचा. (पाच स्टार म्हणजे पाणी लवकर तापतं असं नव्हे, बरं का. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला सगळ्यांना जवळपास सारखीच वीज लागते.)

"गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणजे व्हॉल्व्ह खराब. टेफ्लॉन टेप लावून बूच मारा."

हा मुद्दा वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. पाणी तापलं की फुगतं. २५ चं ६० अंश झालं की दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत दोनशे मिलिलिटर, एक मोठा कपभर. हे वाढीव पाणी जाणार कुठे? थंड पाण्याच्या बाजूला त्याच व्हॉल्व्हमध्ये एनआरव्ही म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप असते, ती पाणी मागे जाऊ देत नाही. नळ बंद आहे. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकीतला दाब झपाट्याने चढतो आणि व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडून तो उतरवतो. म्हणजे तापताना ठिबकणारा व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. त्याला बूच मारलं की तो ताण रोज सकाळी टाकीच्या वेल्डिंगवर. त्यात एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा) चिकटला आणि कटआउटही (तो चुकला तर वीज तोडणारा दुसरा खटका) चालला नाही, तर आत शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. टाकी फाटताच त्यातल्या काही पाण्याची एका झटक्यात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते. बाथरूमचं दार त्यापुढे काय टिकणार?

खरंच बिघाड आहे का हे कळायला सोपी युक्ती. व्हॉल्व्हखाली एक तांब्या ठेवा. गीझर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या आणि तांब्या रिकामा करा. गारठलेल्या गीझरखालीही तो संध्याकाळपर्यंत भरत असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत चुन्याचा कण अडकलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्हला खटका असेल तर गार पाण्यावरच दोन-तीनदा उचलून सोडा, कण निघून जातो. नाही निघाला तर व्हॉल्व्ह बदला, तोही त्याच बार रेटिंगचा (बार म्हणजे दाबाचं माप).

"गीझर तापत नसेल तर कटआउटचं लाल बटण दाबा."

हे बरोबर आहे, मान्य. मेन बंद करा, झाकण काढा, एकदा दाबा. पण आठवड्यात पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट बघायचा. दर दोन दिवसांनी बटण दाबणारी माणसं मला माहीत आहेत.

"एमसीबी पडत असेल तर ३२ अँपिअरची टाका. पाण्याला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडा."

हे दोन सल्ले शेजारी शेजारी दिलेत, हे विशेष. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका. ३ किलोवॅटचा गीझरसुद्धा १३ अँपिअरच घेतो. १६ ची एमसीबी पडत असेल तर एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी) फुटलाय, वायर उघडी पडलीय किंवा सॉकेट ढिलं आहे. प्लग काढून बघा, एखादं भोक काळं पडलेलं दिसेल. ३२ ची टाकली की एमसीबीऐवजी भिंतीतली वायर तापते.

झिणझिण्यांचा उपाय तर जिवावर बेतणारा. अर्थ न्यूट्रलला बांधला की झिणझिण्या खरोखर थांबतात, म्हणून लोकांना तो पटतो. पण ज्या दिवशी न्यूट्रल खांबावर किंवा मीटरपाशी सुटेल, त्या दिवशी फेजची वीज एलिमेंटमधून फिरून गीझरच्या अंगावर येईल, आणि नळाला हात लावणारा माणूस तिची वाट होईल. झिणझिण्या आल्या की गीझर बंद, वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळाभर कोरडा पडलेला असतो, त्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात नसतं. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पडणारा खटका, बसवून घ्या. माणसाचा जीव घ्यायला जेवढी वीज पुरते, तेवढ्याने १६ अँपिअरच्या एमसीबीला गुदगुल्याही होत नाहीत.

"मोटर नुसती घुमत असेल, फिरत नसेल, तर मोठा कपॅसिटर लावा. मोटर जोर धरते, पाणीही जास्त देते."

अर्धं खरं. सिंगल फेज मोटर घुमते तेव्हा पुष्कळदा कपॅसिटरच (मोटरला फिरायला धक्का देणारा डबा) गेलेला असतो. बोअरच्या मोटरचा कपॅसिटर वर पॅनेलच्या पेटीत असतो. तेव्हा घोडी लावून दोनशे फूट पाइप वर ओढण्याआधी पेटी उघडा, हा सल्ला सोन्यासारखा. (मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. आधी साध्या पिवळ्या बल्बवर तो उतरवा, मग हात घाला.) फुगलेला दिसला तर बदला, पण जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितक्याचाच. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या थोडी खालीच राहणार, कपॅसिटर केवढाही लावा. वाढतो तो स्टार्टिंग वाइंडिंगमधला करंट. अशी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात) माझ्या टेबलावर उघडली की रनिंगच्या कॉइल तपकिरी, चकचकीत, नव्यासारख्या असतात. त्यांच्यामधल्या बारीक तारेच्या कॉइल मात्र कोळसा झालेल्या, नखाने खरवडलं की वार्निशची भुकटी बोटाला लागते. गिऱ्हाईक म्हणतं, कंपनीने तांबं हलकं वापरलं. मी म्हणतो, पेटीतला कपॅसिटर घेऊन या.

कपॅसिटर ठीक असेल तर व्होल्टेज बघा. २३० च्या जागी १८० मिळत असेल तर सुरू होण्याचा जोर ६० टक्क्यांवर येतो. मग ती घुमणारच.

"पाणी कमी झालं तर जास्त एचपीची मोटर टाका."

विहिरीवरची मोनोब्लॉक पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती हवा. समुद्रसपाटीला हवेचा जोर १०.३ मीटर पाणी तोलतो, पुणे-सातारा उंचीवर पाऊण मीटरच्या आसपास कमी. पाइपातलं घर्षण वगैरे वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. मे महिन्यात पाणी त्याखाली गेलं की काठावर ५ एचपी ठेवा नाहीतर १०, रिकामंच फिरणार. मोटर खाली उतरवायची किंवा पाण्यात बुडणारी, म्हणजे सबमर्सिबल, घ्यायची. त्याआधी फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) तपासा: वरून पाणी भरा आणि दहा मिनिटं बघत बसा. पातळी उतरली तर खालची झडप गळतेय. थ्री फेज असेल आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) नुकतंच काम झालं असेल तर फेज उलटलेत का बघा. उलटी फिरणारी मोटर आवाज तेवढाच करते, पाणी मात्र रडत देते. दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं.

बोअरचा हिशेब वेगळा. सहा इंची बोअरमध्ये शंभर फुटांत साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी उभं असतं. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो ते भेगांमध्ये, त्यामुळे बोअर मिनिटाला ३० लिटर देत असेल तर ६० ओढणारी मोटर हे शंभर फूट अठरा मिनिटांत संपवते आणि पुढे कोरडी फिरते. सबमर्सिबलची मोटर पंपाच्या खाली असते, तिच्या अंगावरून जाणारं पाणीच तिला गार ठेवतं. म्हणून नवी मोटर घेण्याआधी सलग तासभर चालवून २० लिटरची बादली लावा. ती ४० सेकंदांत भरली तर तुमचं बोअर मिनिटाला ३० लिटरचं. दुकानदाराला एचपी नंतर सांगा, आधी हा आकडा सांगा.