गुळाच्या पाण्याने गाळ शुद्ध होत नाही, मामा

यवतच्या मामांनी काल सकाळी एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "दोन ट्रॉल्या सांगू का? पालकात टाकतो." मेसेज असा: मैलापाणी केंद्रातला गाळ म्हणजे फुकटचं सोनखत (मैल्याचं खत). मातीतले जिवाणू ४५ दिवसांत त्यातली सगळी रसायनं खाऊन टाकतात, गुळाचं पाणी शिंपडलं तर १५ दिवसांतच. पिकात काहीच उतरत नाही. इकडे पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तोच फिरतोय, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी!

आधी ते ४५ दिवस. धुण्याच्या पावडरीतलं फेस आणणारं रसायन वाफशावरच्या मातीत काही आठवड्यांत मोडतं, हे कबूल. लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच कुठेतरी वाचलं असावं. पण शेतात पाणी तुंबलं, हवा कोंडली की तेही अडतं. आणि त्याच गाळात डिझेलच्या धुरातून रस्त्यावर बसलेली, पावसाने गटारात उतरलेली बहुवलयी हायड्रोकार्बनं असतात, म्हणजे कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडून बनलेली, डांबराच्या जातीची रसायनं. दोन-तीन कड्यांची त्यातल्या त्यात लवकर जातात, पाच-सहा कड्यांची वर्षानुवर्षं हलत नाहीत. इंग्लंडमध्ये वोबर्नच्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ गाळ टाकला होता. तो थांबवून वीस वर्षं उलटली तरी त्या वाफ्यांत ही रसायनं शेजारच्या गाळ न टाकलेल्या वाफ्यांपेक्षा जास्तच निघाली. कुठे ४५ दिवस!

आता गूळ. जिवाणूंना आयता गूळ मिळाला की ते गूळ खातील, डांबराच्या जातीचं काहीतरी कशाला चघळत बसतील? आणि कॅडमियम, शिसं यांचं काय? ती मूलद्रव्यं. त्यांत मोडण्यासारखं काही नाहीच. वोबर्नलाच गाळातल्या धातूंनी क्लोव्हरच्या मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंचा असा निकाल लावला की गाठींमधून नत्र मिळेना. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासासारखा द्विदल चारा. ज्या जिवाणूंच्या भरवशावर हा मेसेज लिहिलाय, त्यांचीच ही गत.

मामा, तुम्ही म्हणाल, "आजोबाही सोनखतच टाकायचे." आजोबांच्या सोनखतात गॅरेजचं ऑइल आणि कारखान्याचं पाणी नव्हतं.

पिकात उतरत नाही, हे अर्धं खरं. मोठे रेणू मातीच्या कणांना चिकटून राहतात, मुळांतून फारसे वर चढत नाहीत. पण पालक जमिनीलगतचा, पानांना माती लागतेच, आणि कॅडमियम तर पालक चांगलंच ओढून घेतो. नॉनस्टिक भांड्यांच्या लेपाच्या कुळातली पीफास रसायनं मातीत मोडतच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यातली लहान साखळीची पालेभाज्यांत चढतात. अमेरिकेतल्या मेन राज्याने त्यांच्यामुळेच २०२२ मध्ये शेतात असा गाळ टाकायला बंदी घातली.

गाळात नत्र-स्फुरद भरपूर असतं, नाही म्हणत नाही. पण मामा, ट्रॉलीवाल्याकडे तपासणीचा कागद मागा, आणि त्यात कॅडमियम, शिसं, क्रोमियमचे आकडे आहेत का बघा. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश लिहिलं असेल तर ट्रॉली रस्त्यावरूनच परत पाठवा. कागद चांगला निघाला तरी पालकात नको.