शेरा तळाशी असतो

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊपासून बारापर्यंत मी एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणत होतो, की मी कोडच्या एका अक्षरालाही हात लावलेला नाही. आणि ते शब्दशः खरे असूनही कॉलवरच्या सातांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. आमची प्रणाली स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ३.१ आवृत्तीवरून ३.२ वर नेण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होते. (नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली आवृत्ती आमच्याकडे आत्ता का पोहोचते, हे वरच्यांना विचारावे.) कोड निमूटपणे कंपाइल झाला, चाचण्याही उत्तीर्ण झाल्या, कारण त्यांत खऱ्या वस्तूंच्या जागी आम्ही तोतयेच बसवले होते. सर्व्हर मात्र उठेना. त्याचे म्हणणे एवढेच, की बीन एकच हवे होते आणि सापडली दोन.

स्प्रिंगमध्ये आपण वस्तू स्वतः घडवत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये हव्या त्या प्रकाराचे नाव लिहायचे, आणि फ्रेमवर्कने त्या प्रकारची वस्तू, म्हणजे बीन, शोधून हातात ठेवायची. आमच्याकडे 'नोटिफायर' नावाचा एक क्लास, म्हणजे वस्तू घडवण्याचा साचा, आहे आणि त्याच्या पोटी आलेला 'एसएमएसनोटिफायर' आहे. नोंद दोघांचीही झालेली आहे. पोटचा क्लास हा बापाच्याही प्रकारचा मानला जातो, त्यामुळे 'एक नोटिफायर द्या' म्हटले की बाप आणि लेक दोघेही हात पुढे करून उभे राहतात. तरीही हे दोन वर्षे सुरळीत चालले होते, आणि माझे खरे दुखणे तेच होते.

आमचे मामा निवृत्त तलाठी आहेत. गुडघा दाखवायला म्हणून पुण्यात आले, त्याला आता बारा दिवस झाले. त्या रात्री ते माझ्या खुर्चीमागे अडकित्ता घेऊन बसले होते आणि स्क्रीनवरून सरकणारा लाल मजकूर एखाद्या तक्रारअर्जासारखा न्याहाळत होते.

"वारसाचा वाद दिसतोय," ते म्हणाले.

मी म्हटले, "मामा, हे सॉफ्टवेअर आहे."

"असू दे की. बाप हयात आहे का?"

बाप हयात होता, हीच तर अडचण होती. नोटिफायर ॲब्स्ट्रॅक्ट असता, तर त्याची वस्तू बनलीच नसती आणि लेक बिनविरोध निवडून आला असता. हे मी मामांना का सांगत बसलो ते मला आजही कळलेले नाही, पण रात्री अकरा वाजता समोर ऐकणारा माणूस असला की आपण बोलत सुटतो.

"बाप हयात असताना पोराचं नाव लागलंच कसं? सहा-क च्या नोंदवहीत असलं काही मी आयुष्यात चढवलं नाही. बरं, आणि आजवर तुम्ही कोणाला देत होता?"

"बापाला."

"कोणत्या आधारावर?"

मी थबकलो. कॉलवरच्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे आपले 'काय बदललं, काय बदललं' एवढेच चालले होते. दोन उमेदवार उरले आणि 'प्रायमरी'चा शिक्का कोणावरच नसला, की स्प्रिंग शेवटचा उपाय म्हणून पॅरामीटरचे, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये आपण त्या वस्तूला दिलेले, नाव बघते, आणि त्याच नावाचे बीन असेल तर ते देऊन मोकळी होते. आमच्या पॅरामीटरचे नाव योगायोगाने नोटिफायर होते. म्हणजे दोन वर्षे आमचा डोलारा केवळ नामसाधर्म्यावर उभा होता आणि आम्ही त्याला रचना म्हणत होतो.

"मग नाव पुसलं गेलं असणार," सुपारीचे खांड गालात सारून मामा म्हणाले. "तळाचा शेरा वाचलास का?"

"कसला शेरा?"

"कुठलाही कागद तळापासून वाचावा. वर सगळी पाल्हाळ असते." मग चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनला जवळजवळ नाक लावून, त्यांनी इंग्रजी अक्षर न् अक्षर लावत खणखणीत आवाजात शेवटची ओळ वाचली. पॅरामीटरच्या नावांची माहिती गहाळ असावी, तेव्हा कंपायलरला '-पॅरामीटर्स' हा पर्याय दिला आहे ना, ते तपासावे, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. अडीच तास लिहिलेले होते.

माझा माइक सुरू होता. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग आमचे मॅनेजर म्हणाले, "ते कोण बोलले? त्यांचं बरोबर वाटतंय."

बरोबरच होते. पूर्वी स्प्रिंग ही नावे डीबगसाठी ठेवलेल्या माहितीतून उकरून काढत असे, ३.२ सोबत आलेल्या स्प्रिंग ६.१ ने ती वाट बंद केली. ज्यांचा प्रकल्प स्प्रिंग बूटच्या पॅरेंट पॉमखाली (बांधणीच्या मूळ सेटिंग्जच्या फाइलखाली) असतो, त्यांना '-पॅरामीटर्स' हा पर्याय वारशानेच मिळतो. आमचा प्रकल्प मात्र कंपनीच्या स्वतःच्या पॅरेंट पॉमखाली आहे, आणि हे मामांना सांगताच ते म्हणाले, "घराणंच निराळं, तर वारसा कसा मिळेल?" ही असली वाक्ये ते इतक्या सहजपणे टाकतात की उलट बोलायला जागाच राहत नाही.

मी तो पर्याय दिला आणि बापाच्या जागेवर स्पष्ट 'क्वालिफायर'ही, म्हणजे नेमके कोणते बीन हवे ते सांगणारी चिठ्ठी, लावला. पावणेएक वाजता सर्व्हर उठला. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात 'घरातील ज्येष्ठांचे साहाय्य' हे शब्द मॅनेजरांनी गंमत म्हणून घातले, असे ते म्हणतात. माझी नऊ वर्षांची नोकरी, वर्षातून दोनदा होणारी मूल्यमापने, आणि लेखी कौतुक झाले ते अडकित्त्याचे.

रविवारी चुलतबहिणीच्या मुलाच्या बारशाला मामांनी पन्नास पानांच्या पंगतीत सांगितले, की भाच्याच्या कंपनीत वारसनोंदीचा घोळ झाला होता, तो एका रात्रीत निकाली काढला. जेवण झाल्यावर गावाकडचे एक दूरचे नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणाले, की त्यांचा फेरफार मंडळ अधिकाऱ्यांकडे चौदा महिने पडून आहे, तर आमच्या कंपनीत नोंद व्हायला साधारण किती वेळ लागतो. मी म्हटले, तीन-सव्वातीन तास. त्यांनी खिशातून पेन काढले आणि कंपनीचा पत्ता विचारला.