शाफ्ट वाजतोय, भाऊजी

मेहुण्याने रेवदंड्याच्या खाडीत एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्या दुखण्यांवर वैद्य म्हणून मला नेमलं. माझी पात्रता एवढीच, की भोसरीत ३० वर्षं लेथवर काढली. समुद्राशी माझा संबंध पापलेटपुरता.

परवा त्याने व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला. "भाऊजी, शाफ्ट वाजतोय. ऐका." शाफ्ट म्हणजे इंजिनापासून बोटीखालच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. ऐकलं. निम्मा वारा, निम्म्या लाटा, मधूनच खर्रर्र. बायको म्हणाली, "हा तर बंड्याच घोरतोय."

कोथरूडच्या गॅलरीत बसून खाडीतल्या बोटीचं निदान करताना संकोच वाटायला हवा होता. पण आम्हाला खडकवासल्याचं पाणी! गिअर न्यूट्रलला टाकायला लावला. आवाज बंद. गिअरमध्ये घातली की पुन्हा खर्रर्र. मग शीड उभारून इंजिनच बंद केलं. तरी खर्रर्र! बोट वाऱ्यावर पळाली की पाणीच पंखा फिरवतं आणि पंखा शाफ्टला. रिव्हर्स टाकल्यावर शाफ्ट अडला, आवाजही थांबला. "म्हणजे उतारावर गाडी गिअरमध्ये लावतो तसं," शेजारच्या गॅलरीतून काका म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"ग्लँड ठिबकते का?" मी विचारलं. ग्लँड म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे दोरी ठासून पाणी अडवणारी जागा.

"छे, आवळून पार बंद केली."

घात! जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्यावरच आतली दोरी गार राहते. पण ज्याने सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ठिबकत्या नळांवर भाषण केलं, त्याच्या गळी हे कसं उतरावं? दोन दिवस समजूत घालावी लागली. शेवटी त्याने ती सैल केली, बोटीत थेंब पडू लागले, आणि तो फोनवर अक्षरशः हळहळला. खर्रर्र मात्र होतं तसंच.

ओहोटीला बोट चिखलात टेकली तेव्हा त्याने पंख्यापाशी शाफ्ट धरून हलवला. टक्, टक्. तिथलं रबरी बेअरिंग झिजलं होतं. त्याला ग्रीस नसतं, समुद्राचं पाणी हेच वंगण. पाण्याबरोबर वाळू शिरली की ती रबर खाते.

माप लिहून घेऊन मी नाना पेठ गाठली. दुकानदाराने मान खालीच ठेवून विचारलं, "गाडी कोणती?"

"शिडाची बोट."

आता त्याने मान वर केली.

"शीड आहे ना? मग शाफ्ट कशाला?"