ससा, धसकट आणि ग्रेहाऊंडचा क्रॉस : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाही, 'काटोलचा एक शेतकरी' एवढंच लिहिलंय, म्हणून भाऊ म्हणतो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्याकडे वावरात ठेवायला कारवान (आपल्या दख्खनची सडपातळ शिकारी जात) आणि ग्रेहाऊंड (इंग्लंडातला शर्यतीचा कुत्रा) यांचा क्रॉस घेऊ नका. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी शुद्ध रक्ताच्या नादी लागलोय. इंग्लंडातले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम क्रॉस पाळतात, त्याला लर्चर म्हणतात आणि कामाला तो जातिवंत कुत्र्याला मागे टाकतो. पहिल्या क्रॉसच्या पिल्लांत दोन्हीकडचं चांगलं तेवढं उतरतं. आणि शेवटी, "नागपुरात पंख्याखाली बसणाऱ्याला डुकरं रात्रीतून तूर कशी लोळवतात ते काय कळणार." जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की अशाच एका पिल्लाचा इसार देऊन झालाय.

रक्ताबद्दल तुमचं बरोबर आहे. 'क्रॉस म्हणजे बिघाड' हे वाक्य मीच लिहिलं होतं. ते चूक होतं, मी ते काढून टाकलंय. रामपूर हाऊंड ही नावाजलेली जात रामपूरच्या नवाबांच्या पदरी अफगाणी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाऊंड एकत्र आणूनच उभी राहिली, असं मानतात. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा मुधोळच्या जोडीला रामपूरही होता. आपला कारवान तरी कुठून आला? व्यापारी तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांचं रक्त त्याच्यात आहे, हे त्याचं नावच सांगतं. तेव्हा क्रॉसला माझा विरोध नाही. कोणाचा कोणाशी आणि कुठल्या कामासाठी, हे न विचारता लावलेल्या जोडीला आहे.

आता लर्चर. हा कुत्रा मलाही फार आवडतो, म्हणूनच त्याचं नाव घेऊन आपल्याकडे जे विकलं जातं ते पाहून जीव तुटतो. लर्चर म्हणजे एका बाजूला नजरेवर, म्हणजे वासाऐवजी डोळ्याने शिकार हेरून, धावणारा कुत्रा, ग्रेहाऊंड किंवा त्याच्यासारखाच पण लहान व्हिपेट, आणि दुसऱ्या बाजूला कामाचा कुत्रा: मेंढ्या वळणारा कोली, नाहीतर बेडलिंग्टनसारखा टेरियर. ग्रेहाऊंडकडून वेग घ्यायचा, कोलीकडून डोकं आणि शब्दाला मान देणं, टेरियरकडून राठ केस आणि चिवटपणा. गरीब माणसाचा कुत्रा होता तो. चोरून शिकार करणाऱ्याला असा कुत्रा हवा असे जो न भुंकता जाईल, ससा धरेल, जिवंत हातात आणून देईल आणि खुणेसरशी पायाशी बसेल.

ग्रेहाऊंड आणि कारवानचा क्रॉस हा लर्चर नव्हेच. दोन्ही धावणारे एकत्र केले की त्याला तिकडे लाँगडॉग म्हणतात, आणि तिथले जाणते लोक या दोघांत स्पष्ट फरक करतात. या जोडीत भर कशाची पडली ते बघा. नाक वाढलं नाही. भुंकणं वाढलं नाही. हाकेला परत येणं तर दोघांतही कमीच, ते कुठून वाढणार? वाढला तो फक्त वेग, आणि वेग कारवानकडे आपल्या रानाला पुरून उरेल इतका आधीच होता.

आणि तो तिकडचा ससा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, तिथेच घोळ होतो. इंग्लंडात लर्चर ज्याच्यामागे जातो तो बिळात राहणारा, कळपाने पिकं खाणारा ससा, ज्याला तिथले शेतकरी उपद्रव समजतात. आपल्या वावरातला ससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, ढेकळांत नाहीतर गवतात दबून बसतो आणि उठला की मोकळ्या रानात पळून जीव वाचवतो. त्यांच्याकडेही असा रानससा आहे, आणि २००४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी त्याची शिकार करणं बंद झालं. बिळातल्या सशाला तेवढी सूट राहिली. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. त्यात शिकारीच्या व्याख्येतच कुत्रे मागे लावून पाठलाग करणं आणि हाका घालणं येतं. जनावर मेलं पाहिजे असं नाही, प्रयत्नही पुरतो. ससा, रोही (नीलगाय), काळवीट, कोणाच्याही मागे कुत्रा सोडला तर तो गुन्हा आहे. तेव्हा ज्या कामासाठी लर्चर घडला ते काम आपल्याकडे कायद्याने उरलेलंच नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. माझ्याकडे तेजा होता. आई कारवान, बाप पंजाबातून आणलेला ग्रेहाऊंड. शर्यतीतला ग्रेहाऊंड साडेचारशे-पाचशे मीटर पळतो, अर्ध्या मिनिटाचा खेळ. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती त्या अर्ध्या मिनिटासाठी. तेजा दीड वर्षाचा होता. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे दहा वाजलेले, भिवापूरकडे मित्राच्या वावरात आम्ही धुऱ्याने चाललो होतो. सोयाबीन नुकतंच सोंगलेलं, खाली बोटभर उंचीची, विळ्याने तिरपी कापलेली धसकटं. पायापासून तीन-चार हातांवर ससा उठला आणि पट्टा माझ्या हातातून निसटला.

ती धाव मी पाहिली. खरं सांगतो, इतकं सुंदर काही मी वावरात पाहिलेलं नाही. अंग जमिनीला समांतर, मागचे पाय कानांच्या पुढे पडतायत, ससा वळला की तोही वळतोय. मी हाका मारत होतो. नजर लागली की या कुत्र्यांना हाक पोचतच नाही. ससा चार-पाच वेळा वळला आणि नाल्याकाठच्या पळसांत शिरला. सगळं मिळून तीन मिनिटंही झाली नसतील.

तेजा चालत परत आला. पुढच्या पायाच्या बगलेपासून छातीपर्यंत तळहाताएवढं कातडं सुटून लोंबत होतं, धसकटाने उसवलेलं. रक्त जवळजवळ नाही. आतला स्नायू ओला, चकचकीत दिसत होता. या कुत्र्यांचं कातडं इतकं पातळ असतं आणि खाली चरबी इतकी कमी, की गावठी कुत्र्याला जिथे ओरखडा जातो तिथे यांचं कापड फाटल्यासारखं होतं. मी सगळं लक्ष त्या जखमेकडे दिलं. जीभ विटेसारखी लाल झाली होती आणि श्वास थांबत नव्हता, तेही पाहिलं, पण धावून आलाय, होईल शांत, असं समजलो. अर्ध्या तासाने त्याचे मागचे पाय लाकडासारखे ताठले. मग त्याने लघवी केली. काळ्या चहाच्या रंगाची.

दवाखान्यात ताप १०६ च्या वर भरला. डॉक्टरांनी समजावलं की अति ताणाने आणि उष्णतेने स्नायू तुटतात, त्यांच्यातला रंग रक्तात उतरतो आणि तो गाळता गाळता मूत्रपिंडं निकामी होतात. कातडं शिवलं, ते आठ-दहा दिवसांत सांधलंही. मूत्रपिंडं सावरली नाहीत. तीन महिन्यांनी तेजा गेला. पहिल्या अर्ध्या तासात मी त्याला सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओतलं असतं आणि वारा घातला असता तर कदाचित वाचला असता. तुम्ही म्हणता मी क्रॉसवर राग धरून आहे. राग नाही, भाऊ. तो कुत्रा मला आजही आठवतो. ऑक्टोबरात सकाळी दहाला ही गत, तर मग मे महिन्यात पारा ४५ वर असताना काय होईल ते तुम्हीच ठरवा.

जमीनही बघा. इंग्लंडातलं गवताळ कुरण आणि आपली काळी माती यांत फार अंतर आहे. पावसाळ्यात ती पंज्याला शेरभर चिकटते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्ण वेगातल्या कुत्र्याचं बोट त्या भेगेत अडकलं की मनगट जातं. पऱ्हाटीची धसकटं, तुरीची धसकटं, संत्र्याच्या बागेभोवतीची काटेरी तार, कठडा नसलेल्या विहिरी. सावकाश धावणारा कुत्रा हे सगळं पाहतो.

पहिल्या क्रॉसबद्दल एवढंच सांगतो. पहिल्या पिढीची पिल्लं एकसारखी आणि जोमदार दिसतात, हे खरं. पण ती दोघांच्या मधली असतात, दोघांतली सरस असतातच असं नाही. आणि त्या पिल्लांची आपसात जोड लावली की पुढच्या वेतात सगळं विखुरतं. एक आजोबावर, एक आजीवर, एकात वेग आहे पण छाती नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओत दिसतो तो बहुतेक पहिल्या पिढीचा देखणा कुत्रा. विकायला येतात त्याची पिल्लं.

आता डुकरं. पंख्याखाली बसतो हे खरं आहे, पण माझ्या मामांचं वावर कुहीकडे आहे आणि शाळेच्या सुट्टीत मी मचाणावर बसून टिनाचा डबा वाजवत जागल केलेली आहे. पहाटे उतरून बघावं तर अर्ध्या एकरात तूर लोळलेली, मुळं वर आलेली. मामा काही बोलायचे नाहीत, बिडी पेटवायचे. तो राग मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, डुकरावर हा कुत्रा घालू नका. आपल्यापेक्षा हलकं जनावर धावत गाठायचं आणि मानेला धरून झटकायचं, एवढंच त्याला येतं. डुक्कर कोंडीत सापडलं की पळत नाही, उभं राहतं, आणि पिल्लंवाली मादी तर अंगावर येते. पातळ पोटाच्या कुत्र्याला सुळा एकदाच लागतो. ऑस्ट्रेलियात डुकरावर जो बुल अरब वापरतात त्यात ग्रेहाऊंड आहे, पण बुल टेरियर आणि पॉइंटरही आहेत, म्हणजे जबडा आणि नाक बाहेरून आणलं. आणि मुख्य म्हणजे तिथे ती शिकार चालते. आपल्याकडे पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वन खात्याची लेखी परवानगी लागते. कुत्रे सोडणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

वावराला हवा असतो भुंकणारा कुत्रा, आणि नजरेवर धावणारे कुत्रे सहसा कमीच भुंकतात.  माझ्या मते तुम्हाला गावातल्याच चांगल्या आईची दोन गावठी पिल्लं हवीत, जी धुऱ्याच्या बाहेर न जाता आतून बोंब मारतील. फक्त कुत्र्यांवर पीक वाचेल असं मी म्हणणार नाही. डुकरं आठवडाभरात आवाजाला सरावतात. झटका मशीनची तार (विजेचा हलका झटका देणारं कुंपण) आणि आत कुत्रे, असं दोन्ही मिळून चालतं. बिबट्याचा वावर असेल तर रात्री कुत्रे मोकळे सोडू नका, मचाणाखाली आडोसा करून बांधा. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचाच. डिस्टेंपर कुत्र्यांतून जंगलातल्या जनावरांत जातो, वाघालासुद्धा होतो, आणि आपल्या एका बाजूला पेंचचं वाघांचं जंगल आहे, दुसऱ्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य.

क्रॉसच हवा असेल तर कारवान आणि गावठी असा घ्या. त्यात वेग थोडा जातो, पण कातडं जाड होतं, आवाज येतो, पंजा घट्ट होतो. आई-बाप वावरात काम करताना बघा. शेळी समोरून पळाली आणि मालकाने हाक मारली तर आई थांबते का, एवढं एकच बघितलं तरी निम्मी निवड झाली. उंची, रंग, लांब तोंड यांचे पैसे देऊ नका.

कोलीचा क्रॉस आणू का, असंही तुम्ही विचारलंय. डोक्याच्या बाबतीत उत्तम. पण नागपूरच्या उन्हात ते केस त्याला जड जातील, आणि कोलीच्या रक्तात एक दोष पुष्कळदा असतो, ज्यामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरून कुत्रा लुळा पडतो, मरतोही. आपल्याकडे गोचिडांसाठी हे इंजेक्शन सर्रास देतात. कोलीचं रक्त असलेलं पिल्लू असेल तर ते द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

इसार दिलाच आहे म्हणता, तर शब्द मोडा असं मी सांगणार नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. ग्रेहाऊंडचं रक्त आहे हे दवाखान्यात पहिल्या दिवशीच लिहून ठेवायला सांगा. भुलीचं जुनं औषध, थायोपेंटोन, यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. आणि रक्त तपासलं तर तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त दिसतात, तो आजार नसतो. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलंत तर उत्तम. पट्टा रुंद घ्या, कानामागून निसटणार नाही असा. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा एका झटक्यात निघतो. उन्हाळ्यात फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आत. पळवायचंच असेल तर कुंपण घातलेलं, नांगरून सपाट केलेलं एक तुकडं ठेवा, तिथे मोकळं सोडा, मीही बघायला येईन. आणि सोयाबीन सोंगल्यापासून ते धसकटं वेचून जमीन नांगरली जाईपर्यंत त्याला साखळीवरून उतरवू नका.