छान माहिती, सर!

तांत्रिक कामातल्या माणसाला कधी ना कधी लिहायची हुक्की येतेच. कवीला ती चंद्र बघून येत असेल, आम्हाला सर्व्हरची डिस्क भरलेली बघून येते. रात्रभर छळणारा प्रश्न पहाटे सुटतो. घरातलं कुणी ऐकून घेणार नसतं आणि ज्यांना कळलं असतं ते सहकारी झोपलेले असतात. मग वाटतं, लिहूनच काढावं, आपल्याला झाला तो त्रास निदान दुसऱ्या कुणाला तरी नको. हा झाला सांगायचा हेतू. मनातला हेतू असा, की हा प्रश्न आपण सोडवला हे चार लोकांना कळावं. दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत, दुसरा जरा जास्त.

माझा विषय साधा होता. सर्व्हर बोंब मारतो की डिस्क भरली. डीएफ ही कमांड सांगते, शंभर टक्के भरली. कशाने भरली ते बघायला डीयू चालवावी, तर ती म्हणते, छे, निम्मीच तर आहे. या दोन्ही कमांड युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलपासूनच्या. जावा-जावांनी पन्नासहून जास्त वर्षं एका घरात काढावीत आणि हिशेब मात्र वेगवेगळे सांगावेत, तसं हे. गंमत म्हणजे दोघीही खरं बोलत असतात. डीयू नावं धरून एकेक फाइल मोजत जाते. डीएफ थेट फाइलसिस्टिमलाच विचारते, बाई, जागा किती उरली? आणि युनिक्स घराण्यात फाइल डिलीट केली म्हणजे फक्त तिचं नाव यादीतून उडतं. एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर फाइल बिननावाची तशीच डिस्कवर राहते आणि तो प्रोग्रॅम तिच्यात खुशाल लिहीतही राहतो. म्हणजे कुणीतरी हुशारी करून भलीमोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, उडवतो, जागा सुटत नाही ती नाहीच, वर आता ती फाइल दिसतही नाही. आधी निदान शत्रू डोळ्यांसमोर होता.

उपाय एका ओळीचा. एलएसओएफ, स्पेस, अधिकचं चिन्ह, मोठी एल, एक. की नाव गेलेल्या पण उघड्या राहिलेल्या सगळ्या फाइली, त्यांना धरून बसलेल्या प्रोग्रॅमांसकट, पुढ्यात हजर.

लेख खरं तर इथेच संपला. वरचे दोन परिच्छेद वाचलेत ना? मग या विषयातलं मला जेवढं कळतं तेवढं आता तुम्हालाही कळतं. पण एवढंसं काही आपल्या व्यवसायातल्या मंडळींपुढे ठेवायचं म्हणजे पंचाईत. लोक म्हणणार, इतकंच? म्हणून प्रस्तावना लागते. ‘आजच्या वेगवान डिजिटल युगात डेटाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ हे वाक्य जगात कुणीही लिहीत नाही. कोरं पान उघडून दोन मिनिटं नुसतं बसलं की ते आपोआप उमटतं. त्याच्या मागोमाग ‘चला तर मग जाणून घेऊया’ येतं. त्यालाही कुणी बोलावलेलं नसतं.

मजकूर झाल्यावर मी तो एका अनुभवी सहकाऱ्याला दाखवला. व्यावसायिक मंडळींच्या ऑनलाइन कट्ट्यावर त्याचा बराच दबदबा आहे. तो तिथे काय लिहितो ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण लोक त्याला टाळ्या वाजवतात हे पाहिलंय. माझं शीर्षक होतं, ‘डिस्क भरलेली दिसते पण फाइल सापडत नाही तेव्हा’.

‘‘अगं, असं नसतं लिहायचं,’’ तो कळवळून म्हणाला. ‘‘पहिल्या ओळीवर माणूस थांबला पाहिजे.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘लिही, काल रात्री माझी नोकरी जाता जाता वाचली.’’

‘‘पण तसं काही झालं नाही रे.’’

‘‘होऊ शकलं असतं ना?’’

यावर काय बोलणार? त्याचं पुढचं म्हणणं, प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडायची, म्हणजे वाचणाऱ्याला दम खाता येतो. (डिस्कची जागा वाचवण्यावरच्या लेखात इतकी मोकळी जागा सोडायची हे मला पटेना, पण तो गंभीर होता.) आणि शेवटी न विसरता विचारायचं, तुमचं याबद्दल काय मत? आता डिलीट केलेल्या फाइलच्या जागेबद्दल कुणाचं काय मत असणार! ती सुटते किंवा सुटत नाही. त्यात मतदानाला वाव नाही.

तसं बघितलं तर मत मागायची ही रीत आमच्या धंद्यात फार जुनी, आणि मुळात फार सभ्य. १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर नावाच्या विद्यार्थ्याने आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, जोडणीबद्दल पहिलं टिपण लिहिलं. आपण पडलो विद्यार्थी, हुकूम सोडतोय असं वाटायला नको, म्हणून त्याने या टिपणांना नावच दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. ज्या मित्रांकडे तो उतरला होता ते झोपले होते, त्यांची झोपमोड नको म्हणून त्याने ते बाथरूममध्ये बसून लिहिलं. इंटरनेटचे कितीतरी नियम आजही त्याच मालिकेत प्रसिद्ध होतात. बाथरूममध्ये बसून, भीत भीत, अभिप्राय मागून लिहिलेल्या कागदांवर जग चालतं. मी टेबलखुर्चीवर बसून आत्मविश्वासाने लिहिलेल्या लेखावर काय चालतं, ते आता सांगते.

पहिलं म्हणजे कमांड चालत नाही.

लेखातल्या कमांडमध्ये दोन आखूड आडव्या रेघा लागोपाठ होत्या. डीयूला फोल्डरच्या किती पायऱ्या खाली उतरायचं ते सांगायला त्या लागतात. शेअर करताना वाटेत कुठल्यातरी सुसंस्कृत सॉफ्टवेअरला वाटलं, बाईंना मोठी रेघ म्हणायची असेल, घाईत दोन छोट्या टाइप झाल्या. त्याने त्या जोडून एक छान लांब रेघ करून टाकली. डोळ्याला काही म्हणजे काही कळत नाही, उलट ओळ जास्त देखणी दिसते. पण डीयूला आखूड रेघ म्हणजे सूचना आणि लांब रेघ म्हणजे कुठल्यातरी फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर. ती निष्ठेने त्या नावाची फाइल शोधते आणि कळवते, अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. अवतरणचिन्हांचंही तेच. कीबोर्डवर ती सरळ उभी असतात, शेअर होईपर्यंत त्यांना बाक येतो आणि कमांडला ती ओळखू येत नाहीत. माणसांसाठी टापटीप केलेला मजकूर मशीनच्या उपयोगाचा राहत नाही, आणि तांत्रिक लेखात जे काही कामाचं असतं ते नेमकं मशीनसाठी असतं.

हे सगळं निस्तरून, कमांडला वेगळ्या चौकटीत कोंडून, लेख एकदाचा कट्ट्यावर गेला. दुसऱ्याच मिनिटाला पहिला अभिप्राय आला, ‘छान माहिती, सर!’

लेखावर माझं नाव आहे. नावाशेजारी फोटो आहे. फोटोत मी साडी नेसलेली आहे.

त्याच्याखाली ‘अप्रतिम’, ‘खूप उपयुक्त’, ‘असेच लिहीत राहा’. लेख वाचायला लागतो त्यापेक्षा कमी वेळात हे सगळं आलं होतं, त्यामुळे मंडळींच्या वाचनाच्या वेगाचं कौतुक वाटलं. एकाने ‘नव्या जबाबदारीबद्दल हार्दिक अभिनंदन’ असंही लिहिलं. त्याचा दोष नाही, हल्ली तयार उत्तरं खाली मांडलेलीच असतात, बोट पडेल ते जातं. एकाने आमच्याकडे जागा आहे का विचारलं. डिस्कवर म्हणाल तर आता आहे, असं लिहून खोडलं. बिचारा खरंच नोकरी शोधत होता. एकाने एआयकडून लेखाचा पाच मुद्द्यांचा सारांश करवून खाली चिकटवला. त्यातला चौथा मुद्दा, ‘जागा मोकळी करण्यासाठी लॉग फाइल डिलीट करा’. म्हणजे ज्या खड्ड्याभोवती मी दोन हजार शब्दांचं कुंपण घातलं, त्यातच ढकलून देणारी पाटी. या सारांशाला माझ्या लेखापेक्षा जास्त लाइक मिळाले.

खरी चर्चा पेटली ती चित्रावरून. चित्राशिवाय कुणी थांबत नाही म्हणून मी वर एक हार्ड डिस्क उघडून आतली चकती दिसेल असं चित्र लावलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, हल्ली सगळीकडे बिनचकतीच्या एसएसडी असतात, चकती दाखवणं दिशाभूल करणारं आहे. दुसऱ्यांनी त्यांना सुनावलं की मोठ्या साठ्यासाठी चकत्या अजून जोरात चालतात. तिसऱ्यांनी फिरत्या डिस्कचा वेग काढला, चौथ्यांनी तिसऱ्यांचा अनुभव काढला. दुपारपर्यंत तिथे इतकी गर्दी जमली की सहकाऱ्याचा निरोप आला, ‘‘बघ, चाललाय की लेख!’’

ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७ मध्येच हे लिहून ठेवलंय. त्यांची समिती अणुभट्टीचा प्रचंड खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. १९९९ मध्ये पॉल-हेनिंग कॅम्प यांनी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या मंडळींना याच शेडची आठवण करून दिली, तेव्हापासून आमच्याकडे अशा वादाला ‘बाइकशेड’च म्हणतात. हे मी त्या चर्चेत लिहिलंही. त्यावर एकाने विचारलं, पार्किन्सन की पार्किंगसन? मग तेही चालू झालं.

चुका दाखवणाऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही, आम्ही त्यांच्यावरच जगतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ तर आपल्या पुस्तकात चूक शोधणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. २५६ सेंट म्हणजे त्यांच्या हिशेबात एक हेक्साडेसिमल डॉलर, कारण सोळाच्या पटीतल्या त्या मोजणीत २५६ हा आकडा १०० असा लिहितात. ते चेक बहुतेक लोक वटवायचेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. २००८ पासून त्यांनी खरे चेक थांबवले आणि सॅन सेरिफ नावाच्या काल्पनिक देशातल्या बँकेची प्रमाणपत्रं सुरू केली. असं काही आपणही ठेवावं, असं मनात आलं होतं. पण चूक शोधायची तर वाचावं लागतं. मला परवडलं असतं, अगदी आरामात.

संध्याकाळी मी आकडे बघत बसले. लेख किती जणांच्या नजरेखालून गेला ते कट्टा मोठ्या अक्षरांत सांगतो. त्यातल्या किती जणांनी उघडला ते बारीक अक्षरांत, आणि किती जण शेवटपर्यंत पोचले ते सांगायची त्याला लाज वाटत असावी. अशा वेळी मी कबुतरं आठवते. १९९० च्या १ एप्रिलला, क्रॉकरच्या त्याच मालिकेत, इंटरनेटचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत याचं रीतसर टिपण प्रसिद्ध झालं. थट्टाच होती ती. पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये काही उत्साही लोकांनी ते प्रत्यक्ष करून बघितलं. नऊ पॅकेट पाठवले, चारांची उत्तरं परत आली, सगळ्यात चपळ उत्तराला पाऊण तासाच्या वर लागला. लोक अजून त्यावर हसतात. मला तो नऊला चारचा आकडा बघून हेवा वाटतो.

या सगळ्यातून माझं एक मत झालंय. तांत्रिक लेख वाचण्यासाठी नसतोच. प्रस्तावना, शीर्षक, चित्र आणि अभिनंदन हा आपसातला मानपानाचा भाग झाला. लेखाचा खरा गिऱ्हाईक त्या दिवशी कट्ट्यावर नसतोच, कारण त्या दिवशी त्याची डिस्क भरलेली नसते. तो महिन्या-दोन महिन्यांनी रात्री-अपरात्री उगवतो, सर्च करत करत, घामाघूम होऊन, आणि त्याला लेखातली फक्त एक ओळ हवी असते.

माझाही उगवला. अनोळखी माणूस, रात्री दीडच्या पुढची वेळ, नमस्कार नाही की चमत्कार नाही. थेट मेसेज, ‘ते एल आहे की वन?’

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कुणीतरी अक्षरन् अक्षर बघतंय! मी उठून बसले आणि लिहिलं, ‘अधिकच्या चिन्हानंतर मोठी एल, मग एक आकडा.’

‘चाललं. एक प्रोसेस दिसतेय. नव्वद जीबीची फाइल धरून बसलीये.’

‘तीच. पण लगेच किल करू नका हं. आधी ती कशाची आहे ते बघा. बऱ्याचदा लॉग नव्याने उघडायला सांगितलं तरी भागतं. लेखात ठळक अक्षरांत दिलंय, तिसरा भाग.’

बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

‘केली किल. जागा झाली एकदम, भारी! फक्त आता डेटाबेस उत्तर देत नाहीये. याच्यावर काही लिहिलंय का तुम्ही?’