चिनाबची दारं आणि राजाराम बंधाऱ्याचे बरगे

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर चारदा फिरून आला. ‘नेहरूंनी एका सहीत सिंधूचं ८० टक्के पाणी पाकिस्तानला फुकट दिलं, वर पैसेही दिले. आता करार रद्द झालाय. धरणांची दारं लावली की आठ दिवसांत पाकिस्तान कोरडा आणि ते पाणी आपल्या शेतात. पाण्यावर बोलणी हवीतच कशाला?’ पाठवणारी माणसं आपलीच आहेत. पहलगामनंतरचा त्यांचा राग माझाही आहे. पण आपण पंचगंगेकाठचे, पाण्याच्या बाबतीत तरी ऐकीव गोष्टीवर विसंबू नये.

आधी ‘एका सहीत, फुकट’. सिंधू पाणीवाटप करारावर सही १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाली, नेहरू आणि अयुब खान यांची. त्याआधी जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं आठ वर्षं घासाघीस चालली होती. मुळात १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबनं पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी तोडलं होतं, आणि ४ मे रोजी दिल्लीत समझोता करून ते पुन्हा सोडावं लागलं. ८० टक्के हा आकडा बरोबर आहे. सिंधू, झेलम, चिनाब मिळून वर्षाला सुमारे १३५ दशलक्ष एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट), रावी, बियास, सतलज मिळून ३३. पण या दुसऱ्या तीन नद्या पुरत्या आपल्याकडे आल्या. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले अनेक कालवे याच नद्यांवर चालत. ते पश्चिमेच्या नद्यांना जोडण्यासाठी आपण ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत दिले. त्या बदल्यात मोकळ्या झालेल्या पाण्यावर आज भाक्रा, पोंग ही धरणं आणि थेट जैसलमेरपर्यंत गेलेला राजस्थानचा कालवा उभा आहे. याला फुकट कसं म्हणायचं? जम्मू-काश्मीरला मात्र या करारानं चेपलं, हे मला मान्य आहे. झेलमवरच्या तुलबुल बंधाऱ्याचं काम पाकिस्तानच्या हरकतीमुळे १९८७ पासून अडकलं.

‘रद्द’ म्हणाल तर २३ एप्रिल २०२५ ला सरकारनं करार स्थगित केला, रद्द नव्हे. एकट्यानं बाहेर पडायचं कलमच त्यात नाही. दोघांनी मिळून नवा करार केला तरच जुना संपतो.

आता ‘दारं लावा’. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर आपण काय करतो ते आठवा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरग्यांच्या (आडव्या फळ्यांच्या) दोन रांगा सोडायच्या, मधे माती ठासायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळं काढून घ्यायचं. काढायला उशीर झाला तर नदी बाजूची मळी फोडून वाट काढते. जुलैत पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जातं तेव्हा बंधारा स्वतःच पाण्याखाली असतो. त्या नदीला बरग्यांनी अडवेल असा कुणी आहे का?

चिनाबवरचे आपले प्रकल्प प्रामुख्यानं वाहत्या पाण्यावर वीज काढणारे आहेत. तिथल्या बगलिहार धरणाचा वापराचा साठा किती असावा यावर भांडण झालं, तटस्थ तज्ज्ञ नेमला गेला, आणि २००७ मध्ये ३.२५६ कोटी घनमीटर ठरला. म्हणजे १.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). आपलं राधानगरी आठ टीएमसीच्या वर आहे! आणि तिकडच्या तीन नद्यांचं वर्षाचं पाणी टीएमसीत मोजलं तर साधारण ५,८८० भरतं, म्हणजे छप्पन्न कोयना धरणं. हिवाळ्यात नदी बारीक असते तेव्हा पाणी थोडं अडवून, अवेळी सोडून खालच्याला जेरीस आणता येतं, तेवढं खरं. उन्हाळ्यात बर्फ वितळून आणि पुढे पावसानं नदी फुगली की ते ठेवायचं कुठं? साठवण बांधायला वर्षानुवर्षं लागतात. कराराच्या चौकटीतच ३.६ दशलक्ष एकर-फुटांपर्यंत साठ्याची मुभा होती, म्हणजे दीड कोयना. तीसुद्धा आपण पुरती वापरलेली नाही. राग काढायचाच असेल तर तो इथं काढावा.

‘आपल्या शेतात’वर फार लिहीत नाही. ते पाणी रावी-बियासकडे वळवायचं तरी डोंगर पोखरून बोगदे काढावे लागतील. शिरोळच्या उसाला ते यायचं नाही.

राहिलं ‘बोलणी कशाला’. वरच्यानं मनाला येईल ते करावं हा नियम धरला, तर सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा तिन्ही तिबेटातून येतात. ब्रह्मपुत्रेच्या पुराचे आकडे मिळावेत म्हणून आपण २००२ मध्ये चीनशी समझोता केला, तो वाटाघाटी करूनच. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? कृष्णेवर आपण वर आहोत, कर्नाटकातलं अलमट्टी धरण खाली. तरीही महापुरात अलमट्टीतून विसर्ग वाढवा म्हणून कर्नाटकाला सांगावं लागतं, दोन्हीकडचे पाटबंधारेवाले फोनवर असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जोत्याला पाणी लागलं, त्या रात्री याच ग्रुपवर सगळे एकच विचारत होते, अलमट्टीतून आता किती क्युसेक सोडलंय?